हजार कोंबड्यांचा शेतकरी आणि चाकांवरचा कत्तलखाना



ज्या पशुवैद्य डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य जनावरं जगवण्यात गेलं. त्यांच्या तसबिरीसमोर उभं राहून तासभर कोंबडी मारण्याविषयी बोलायचं म्हणजे जरा धारिष्ट्यच. पण डॉक्टर सहकारात मुरलेले होते आणि आजचा विषय मुळात सहकाराचाच आहे. लहान कुक्कुटपालकांनी मिळून वापरायचा, गाडीवर बसवलेला, या शेतावरून त्या शेतावर जाणारा कत्तलखाना. अमेरिकेत हा प्रयोग गेली वीस-पंचवीस वर्षं वेगवेगळ्या राज्यांत चालू आहे. काही ठिकाणी तो चालला, काही ठिकाणी गाडी विकून टाकावी लागली. जिथे अडला तिथे यंत्रामुळे क्वचितच अडला. आपण मात्र अशा प्रयोगांकडे पाहताना आधी यंत्राकडेच पाहतो, म्हणून हे सांगायला आलो आहे.

सुरुवात डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावापासून करतो. १९२३ साली तिथल्या सेलिया स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली होती. हॅचरीकडून चुकून ५०० आली. बाईंनी ती परत पाठवली नाहीत. मरतूक वजा जाता ३८७ उरली, ती वाढवून मांसासाठी विकली आणि पौंडाला ६२ सेंट भाव मिळवला. त्या काळी कोंबडीचं मांस म्हणजे अंड्याच्या धंद्यातलं उरलंसुरलं असायचं, म्हणजे अंडी देणं थांबलेल्या कोंबड्या आणि नको असलेले कोंबडे. खास मांसासाठी पक्षी वाढवायचा, हे बाईंच्या त्या चुकीच्या पार्सलातून रुजलं. तीनच वर्षांत त्यांच्याकडे १०,००० पक्ष्यांची सोय झाली होती. त्यांचं ते पहिलं, छोटंसं लाकडी शेड आज राष्ट्रीय वारसा म्हणून जपून ठेवलेलं आहे.

पुढे काय झालं ते आपल्याकडच्या करार पोल्ट्रीवाल्याला वेगळं सांगायला नको. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं; शेड, वीज, पाणी, मजुरी आणि बँकेचा हप्ता आपला; आणि बॅच उचलायची तारीख पुन्हा कंपनीची. अमेरिकेत या साखळीचं शेवटचं टोक, म्हणजे कत्तलखाना, तोही त्याच कंपनीचा असतो आणि तिथे कंपनीचेच पक्षी कापले जातात. बाहेरचा कुणी दोनशे कोंबड्या घेऊन गेटवर उभा राहिला, तर त्याला आत घेण्यात कंपनीला काहीच रस नसतो. आपल्याकडे कोंबडी दुकानापर्यंत जिवंत जाते आणि गिऱ्हाइकासमोर कापली जाते, त्यामुळे ही अडचण आपल्याला चटकन जाणवत नाही. तिथलं सर्वसाधारण गिऱ्हाईक जिवंत कोंबडी घरी नेत नाही. त्याला पिशवीत बांधलेली, गार केलेली, वजनाची चिठ्ठी लावलेली कोंबडी लागते.

व्हर्जिनियातल्या स्वूप गावचे जोएल सॅलॅटिन यांनी १९९३ साली कुरणावरच्या कोंबडीपालनाविषयी एक पुस्तक लिहिलं. तळ नसलेले पिंजरे रोज नव्या गवतावर सरकवायचे, कोंबडी हिरवं आणि किडे खाते, जमिनीला खत मिळतं, आठ आठवड्यांत पक्षी तयार. थोड्या भांडवलात हे होत असल्यामुळे कितीतरी तरुण शेतकऱ्यांनी ते उचललं. मायकेल पोलन यांच्या २००६ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात सॅलॅटिन यांच्या शेतावरची उघड्यावरची कत्तल सविस्तर आली आहे. लेखकाने तिथे स्वतः सुरी हातात घेतली होती. वाढवण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रश्न यायचा तो आठव्या आठवड्याच्या शेवटी. आता या कोंबड्या कुणी, कुठे, कशा कापायच्या?

इथे कायदा येतो. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीने शिकागोच्या खाटीकखान्यांची लक्तरं वेशीवर टांगली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. पण त्यात कोंबडी नव्हती. तेव्हा कोंबडी बहुतेक घरगुती धंद्यातली होती आणि बाजारात यायची ती नुसती पिसं काढून. डोकं, पाय, आतडी सगळं जागच्या जागी. कोंबडीसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९५७ साल उजाडलं. जाता जाता एक गोष्ट सांगतो. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, जनावरं कमीत कमी यातना देऊन मारावीत असा कायदा तिथे झाला. गाय, डुक्कर, मेंढी त्यात बसली. कोंबडी याही वेळी बाहेरच राहिली. खाणाऱ्याच्या पोटाची काळजी सरकारने घेतली, कोंबडीच्या जिवाची अजून घेतलेली नाही.

या तपासणी कायद्यात लहान शेतकऱ्याला सवलती आहेत. स्वतः वाढवलेल्या वर्षाला १,००० कोंबड्यांपर्यंत, किंवा जास्त अटी पाळल्या तर २०,००० पर्यंत, रोज सरकारी निरीक्षक उभा न करता राज्यातल्या राज्यात विकता येतात. मोठ्या कारखान्यात एका लाइनवर मिनिटाला १४० पक्षी कापायची परवानगी असते. त्या वेगाने हिशेब केला, तर हजारवाल्याचं वर्षभराचं उत्पन्न सात मिनिटांत संपतं आणि वीस हजारवाल्याचं अडीच तासांच्या आत. ज्याचं अख्खं वर्ष कारखान्याच्या चहाच्या सुट्टीएवढं आहे, त्याने स्वतःपुरता काँक्रीटचा कत्तलखाना बांधावा ही अपेक्षाच विचित्र. म्हणून चौघांनी मिळून एक करावा, आणि तो प्रत्येकाच्या दारी जाईल असा करावा, इथवर कुणाचीही बुद्धी सहज पोचते.

पण कायद्याची बुद्धी तिथे पोचलेली नव्हती. वीस हजारांच्या सवलतीत एक अट आहे: ज्या जागी तुम्ही तुमचे पक्षी कापता, त्या जागी दुसऱ्याचे पक्षी कापायचे नाहीत, वरून खास परवानगी असल्याशिवाय. हेतू वाईट नव्हता. सवलतीच्या आडून कुणी गुपचूप मोठा धंदा उभा करू नये, एवढाच होता. पण त्याचा अर्थ असा झाला की सवलत एकट्याला मिळाली, एकत्र येणाऱ्यांना नाही. मग सहा शेतांवर फिरणारा ट्रेलर म्हणजे जागा की भाड्याने आणलेलं अवजार, यावर राज्याराज्यांतल्या आरोग्य खात्यांशी, गावोगावच्या आरोग्य मंडळांशी खल सुरू झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी तयार करण्यापेक्षा या बैठकांनाच जास्त दमछाक झाली.

आता ती गाडी डोळ्यांसमोर आणू. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. कोंबड्या बेटाबाहेर कापायला न्यायच्या तर क्रेट भरून फेरीबोटीत चढवायच्या, पलीकडे मैलोगणती न्यायच्या आणि तशाच परत आणायच्या. तिथल्या आयलंड ग्रोन इनिशिएटिव्ह या संस्थेने २००७ च्या सुमारास एक उघडा ट्रेलर उभा केला. त्यात अवघड असं काही नाही. एका बाजूला स्टीलची नरसाळी टांगलेली. कोंबडी त्यात डोकं खाली करून घातली की फडफड थांबते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा कापल्या की दीड-दोन मिनिटांत रक्त निथळतं. मग गरम पाण्याची टाकी. पाणी साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस. त्यापेक्षा गार असलं तर पिसं निघत नाहीत, जास्त गरम झालं तर कातडी फाटते. त्यामुळे या टाकीपाशी उभा राहणारा माणूस हातातलं थर्मामीटर खाली ठेवत नाही. पुढे गोल पिंप, आतून रबराची बोटं लावलेलं. खालची तबकडी फिरते आणि अर्ध्या मिनिटात पक्षी साफ. हे पिंप घरी कसं बनवायचं याचं पुस्तक हेरिक किंबॉल यांनी लिहिलं आणि त्यावरून हजारो शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी आणि प्लॅस्टिकच्या पिंपांतून आपापली यंत्रं जोडली. मग स्टीलचं टेबल, जिथे आतडी काढायची. इथे खरी हातोटी लागते. आतडं फाटलं तर सगळं मांस नासतं. म्हणून कोंबडीला आधीच्या रात्रीपासून, म्हणजे आठ ते बारा तास, खाद्य बंद असतं. शेवटी बर्फाच्या पाण्याची टाकी. चार पौंडांच्या आतली कोंबडी चार तासांत चार अंशांपर्यंत गार झाली पाहिजे.

चार-सहा सरावलेली माणसं असली की दिवसाला शे-दोनशे कोंबड्या सहज होतात. व्हिनयार्डवाल्यांचं शहाणपण मला यात दिसतं की त्यांनी ट्रेलरबरोबर माणसांची टोळी तयार केली. यंत्र शेतकऱ्याच्या दारात सोडून निघून जायचं असं नाही. शिकलेली, मजुरी मिळणारी टोळी बरोबर यायची. शेतकऱ्याने पाणी, वीज आणि कोंबड्या तयार ठेवायच्या.

केंटकीने दुसरी वाट धरली. फ्रँकफर्टमधल्या केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीने, ही मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली संस्था, चारही बाजूंनी बंद, आत गरम-गार पाण्याची सोय असलेला भक्कम ट्रेलर तयार करवून घेतला. तो दारोदार न फिरवता, सांडपाण्याची आणि विजेची पक्की सोय असलेल्या ठरावीक थांब्यांवर लावायचा आणि शेतकऱ्याने पक्षी तिथे आणायचे, अशी व्यवस्था केली. आधी प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. कोंबडीबरोबर गोड्या पाण्यातल्या कोळंबीसाठीही तो वापरला गेला. कोळंबीमुळे रिकामे दिवस कमी झाले, आणि ही युक्ती मला त्या स्टीलच्या भिंतींपेक्षा मोलाची वाटते.

आणि व्हरमाँट. तिथे राज्य सरकारनेच पैसे घालून फिरता कोंबडी कत्तलखाना तयार केला आणि चालवायला दिला. गाडी चांगली होती, तपासणीच्या सगळ्या नियमांत बसत होती. काही वर्षांतच सरकारने ती विकली. याची टिंगल करण्याचं कारण नाही. प्रत्येक कोंबडीमागे मिळणाऱ्या चार-पाच डॉलरांतून डिझेल, पगार, दुरुस्ती आणि प्रवासात गेलेले तास भागवायचे, हा हिशेब कुणालाही घाम फोडणारा आहे.

इथे बैल आणि कोंबडी यांच्यातला फरक लक्षात घ्या. वॉशिंग्टन राज्यातल्या लोपेझ बेटावरच्या शेतकऱ्यांनी २००२ साली मोठ्या जनावरांसाठी केंद्र सरकारची तपासणी असलेला देशातला पहिला फिरता कत्तलखाना सुरू केला. तो सहकारी संस्थेचा आहे आणि चांगला नावारूपाला आला. पण एक बैल कापायला गाडी चाळीस मैल गेली, तर त्या एका जनावरातच शेकडो किलो मांस आहे. निरीक्षकाचा दिवस, डिझेल, सगळं त्यात जिरतं. तेवढंच मांस कोंबडीतून काढायचं तर शे-दीडशे वेळा नरसाळं, टाकी, पिंप, टेबल करावं लागतं. लोपेझचं यश पाहून कोंबडीसाठीही तशीच महागडी बंद गाडी हवी असं अनेकांनी ठरवलं, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. कोंबडीला स्वस्त, उघडी, मोटारीमागे जोडता येईल अशी गाडी परवडते. महाग गाडी घ्यायचीच असेल, तर ती केंटकीसारखी जवळजवळ थांबलेलीच बरी.

पण स्वस्त असो की महाग, सगळ्यांचा घात करणारी गोष्ट एकच: दिनदर्शिका. ईशान्य अमेरिकेत कुरणावरची कोंबडी मे ते ऑक्टोबर. थंडीत नळ्या गोठतात, उघडा ट्रेलर झाकून ठेवावा लागतो. म्हणजे टोळीला सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी. पुढच्या वर्षी तीच माणसं परत येतील याची खात्री नाही. त्यात नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. प्रत्येकाला टर्की त्या गुरुवारच्या आधीच्या चार-पाच दिवसांत कापून हवी. टर्की कोंबडीच्या नरसाळ्यात मावत नाही, पिंपात नीट फिरत नाही, आणि गाडी एकच. ब्रॉयलर जातीचा पक्षी तर थांबतच नाही. आठव्या आठवड्याला त्याची तारीख चुकली तर तो खात राहतो, वजन वाढतं, पाय वाकतात, उन्हाच्या दिवशी हृदय बंद पडून मरतो. गिऱ्हाइकाने चार पौंडांची मागितलेली असते, हातात सहा पौंडांची येते.

हे ऐकताना समोरच्या बऱ्याच मंडळींना ऊसतोड आठवली असेल. नोंद कधी केली, तोड कधी येणार, टोळी कुणाच्या फडात आधी, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या पाया कुणी पडायचं. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून आपण हे शिकतो आहोत की कारखाना उभारणं ही निम्मी गोष्ट. लागणीच्या तारखा ठरवल्या नाहीत तर तोडीच्या तारखा ठरवताच येत नाहीत. फिरत्या कत्तलखान्यातही पिल्लं कधी टाकायची हे आधी मिळून ठरवावं लागतं. इथेच स्वतंत्र बाण्याचा शेतकरी बिथरतो. तो याच कारणासाठी कंपनीच्या तारखेतून सुटून आलेला असतो, आणि आता शेजाऱ्याच्या तारखेत अडकतो.

रोगाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती डॉक्टरांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली असती. शेतावरून शेतावर जाणारी गाडी, तिची चाकं, क्रेट, माणसांचे गमबूट, हे सगळं रोगाचं वाहन होऊ शकतं. आपल्याकडे बर्ड फ्लू पहिल्यांदा आला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी काय पाहिलं ते विसरता येण्यासारखं नाही. अमेरिकेत २०२२ पासून हा रोग पुन्हा पसरला. धुणं, निर्जंतुक करणं आणि मध्ये एक कोरडा दिवस सोडणं हे कागदावर सोपं असतं. पण तो कोरडा दिवस म्हणजे गाडीचा एक रिकामा दिवस, म्हणजे पुन्हा पैशाशीच गाठ.

२०२० साली करोनात मोठ्या कारखान्यांतले कामगार आजारी पडले आणि लाइनी बंद पडल्या. डेलावेअर-मेरिलँडमध्ये सुमारे वीस लाख कोंबड्या कापायला हात नाहीत म्हणून शेडमध्येच मारून टाकाव्या लागल्या. सेलिया स्टील बाईंच्या त्याच भागात. त्यानंतर वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारला लहान कत्तलखान्यांची आठवण झाली, अनुदानं निघाली. अनुदानाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. त्यातून स्टील येतं, शीतगृह येतं, उद्‌घाटनाचा फलक येतो. टोळीची सहा महिन्यांची बैठी मजुरी येत नाही, तारखा जुळवणाऱ्या माणसाचा पगार येत नाही. आणि व्हिनयार्ड काय, केंटकी काय, जिथे गाडी टिकली तिथे ती जोडणाऱ्या माणसांमुळे टिकली.

आपल्याकडे हे हवं का? पोल्ट्री शेडवाल्यांना नको. त्यांचा पक्षी व्यापाऱ्याच्या गाडीत जिवंत चढतो आणि चौकातल्या दुकानात दहा मिनिटांत सोलून मिळतो. त्या दुकानाशी कुठल्याही ट्रेलरने स्पर्धा करू नये. आपल्या गिऱ्हाइकाला कातडी नकोच असते, त्यामुळे गरम पाण्याची टाकी आणि रबरी पिंप हा निम्मा ट्रेलर इथे बिनकामाचा. गावरान कोंबडी आपण कातडीसकट खातो, पण ती जाळावर भाजून, हळद चोळून. खाटकाची सोयही आपल्याकडे पूर्वी फिरतीच होती. मुलाण्याला गावगाड्यात मान होता, तो सुरी घेऊन यायचा आणि त्याचा वाटा ठरलेला असायचा. तेव्हा हात फिरायचे, यंत्राची गरज पडत नव्हती. आज कुठल्याही टोळीचा विचार करताना सुरी कुणाच्या हातात आणि गिऱ्हाइकाला कशी कापलेली चालते, हा प्रश्न लाजत न बसता पहिल्याच बैठकीत काढावा.

एका ठिकाणी मात्र मला जागा दिसते. बचत गटातल्या बाया गावरान किंवा कडकनाथ पाळतात आणि आठवडी बाजारात जिवंत विकतात. बाजार उठायला लागला की व्यापारी पाडून मागतो, कारण न विकलेली कोंबडी एसटीत बसवून परत नेणं जिवावर येतं हे त्याला ठाऊक असतं. शहरातलं हॉटेल तीच कोंबडी साफ केलेली, गार केलेली, अन्न परवान्याच्या क्रमांकासह मागतं आणि चांगला भाव द्यायला तयार असतं. या दोन टोकांमध्ये तालुक्याला एक थांबलेली, धुता येईल अशी जागा आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी तिथे येणारी टोळी पुरे. चाकं हवीत ती बर्फाच्या गाडीला. गावरान पक्षी ब्रॉयलरसारखा आठव्या आठवड्याला अंगावर येत नाही. पंधरा दिवस थांबतो. तारखा जुळवायला आपल्याला अमेरिकेपेक्षा जास्त सवड आहे, हा फायदा कुणी मोजलेला मला दिसत नाही.

तेव्हा उद्या एखादी शेतकरी उत्पादक कंपनी अनुदानाच्या प्रस्तावासह ट्रेलरचं कोटेशन घेऊन आली, तर मी आधी वेगळा कागद मागेन. पुढच्या बारा महिन्यांत कुठल्या बाईकडे किती पिल्लं, कुठल्या आठवड्यात पडणार. ती कुठल्या तारखेला तयार होणार. आणि टोळीला काम नसलेल्या दिवसांची मजुरी कोण देणार, गट की हॉटेलवाला की कंपनी. रक्त, पिसं आणि आतडी कुठल्या खड्ड्यात, किती भुशाखाली जाणार, तेही त्याच कागदावर लिहून आणा, आणि खड्ड्याच्या मालकाची सही घ्या.